गर्भिणी, स्नेहकल्प आणि प्लास्टिकचे पात्र

पौर्णिमेच्या दिवशी नृसिंहवाडीच्या घाटावर पहाटेपासून दत्तभक्तांची रीघ लागते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नान, पादुकांचे दर्शन, प्रसाद आणि परतीच्या वाटेवर पेढे, कवठाची बर्फी, बासुंदी यांची खरेदी असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. क्रम तोच असला तरी पात्रे मात्र बदलली. तीर्थ नेण्यासाठी पूर्वी तांब्याचा गडू असे, आता प्लास्टिकची बाटली असते. बासुंदी कढत असतानाच प्लास्टिकच्या डब्यात भरली जाते. चहा पातळ पिशवीत बांधून धर्मशाळेत नेला जातो, आणि प्रसादाची पळसाची पत्रावळ जाऊन तिच्या जागी आतून चकचकीत अस्तर असलेली कागदी थाळी आली. या गर्दीत गर्भिणी स्त्रिया पुष्कळ असतात. संतानप्राप्तीसाठी बोललेला नवस फेडण्यास वाडीला येणे ही या भागातील जुनी श्रद्धा आहे. दर्शनानंतर त्यांतील काहीजणी वैद्याकडेही येतात, आणि आपण त्यांच्या हाती औषध देतो. तेही बहुधा प्लास्टिकच्या पात्रातच.

प्रस्तुत लेखाचा हेतू यात्रेकरूंना उपदेश करण्याचा नाही. आपली चिकित्सालये, आपली औषधनिर्मिती आणि आपली औषधविक्रीची दुकाने यांमधून गर्भिणीच्या शरीरात काय जाते, याचा विचार आपल्याच व्यासपीठावर व्हावा एवढीच अपेक्षा आहे.

प्लास्टिक या शब्दाने आपण अनेक भिन्न द्रव्यांना एकत्र बांधतो. शरीरातील अंतःस्रावी ग्रंथींच्या दृष्टीने त्यांतील दोन प्रकारचे घटक विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला बिस्फेनॉल-ए. कठीण व पारदर्शक पॉलिकार्बोनेट आणि डब्यांच्या आतील इपॉक्सी लेप त्यापासून बनतात. दुसरा फ्थॅलेट वर्ग. हे मुख्यतः पी.व्ही.सी. मऊ करण्यासाठी मिसळले जातात आणि सुगंधी द्रव्यांत द्रावक म्हणूनही वापरले जातात. फ्थॅलेट हे पी.व्ही.सी.शी रासायनिक बंधाने जोडलेले नसते, केवळ त्यात मुरलेले असते. त्यामुळे उष्णता किंवा स्नेह यांचा संपर्क येताच ते बाहेर पडते.

बिस्फेनॉलची कथा वैद्याने मुळातून समजून घेण्यासारखी आहे. हे द्रव्य इस्ट्रोजेनसारखे कार्य करते हे प्लास्टिक बाजारात येण्यापूर्वीच माहीत होते. लंडनमधील संशोधक चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ मध्येच त्याची नोंद केली होती. कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात असलेल्या डॉड्स यांना १९३८ मध्ये त्याहून कितीतरी प्रबळ असे डाय-इथिल-स्टिल्बेस्ट्रॉल गवसले आणि बिस्फेनॉल औषध म्हणून मागे पडले. पुढे १९५० च्या दशकात तेच द्रव्य पॉलिकार्बोनेटच्या रूपाने स्वयंपाकघरात शिरले. डाय-इथिल-स्टिल्बेस्ट्रॉल मात्र गर्भस्रावाचा प्रतिबंध होतो या समजुतीने अमेरिकेत लाखो गर्भिणींना दिले गेले. गर्भस्थापनास त्याचा उपयोग होत नाही, हे शिकागो येथील १९५३ च्या चाचणीत दिसले, तरीही त्याचा वापर चालूच राहिला. १९७१ मध्ये, ज्या मातांनी ते घेतले होते त्यांच्या तरुण मुलींमध्ये योनीचा एक दुर्मीळ कर्करोग आढळला, तेव्हा कोठे गर्भिणींना ते न देण्याची सूचना निघाली. मातेस दिलेल्या संप्रेरकसदृश द्रव्याचा परिणाम अपत्याच्या यौवनात प्रकट होतो, हे आधुनिक वैद्यकाला त्या घटनेने शिकवले. बीजदोष व गर्भोपघातकर भाव यांचा अभ्यास केलेल्या वैद्याला त्यात नवल वाटू नये.

मातेच्या अंतःस्रावांवर नेमके काय घडते? सगर्भावस्थेत अपरा ही स्वतःच एक मोठी अंतःस्रावी ग्रंथी होते आणि प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रोजेन, एच.सी.जी. यांची निर्मिती करते. बिस्फेनॉल इस्ट्रोजेनच्या ग्राहींना चिकटते, शिवाय थायरॉईड संप्रेरकाच्या ग्राहींच्या कार्यातही अडथळा आणते. काही फ्थॅलेट गर्भातील पुरुषबीजग्रंथीची टेस्टोस्टेरॉन-निर्मिती घटवतात, हे प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. शॅना स्वान यांच्या २००५ च्या अमेरिकेतील अभ्यासात, ज्या गर्भिणींच्या मूत्रात फ्थॅलेटचे अंश अधिक होते त्यांच्या पुत्रांमध्ये गुद व जननेंद्रिय यांतील अंतर कमी आढळले. पुरुषसंप्रेरकाचा गर्भावरील प्रभाव मोजण्याची ती एक स्वीकृत खूण आहे.

आपल्या दैनंदिन व्यवहारास सर्वांत जवळचा मुद्दा थायरॉईडचा वाटतो. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी कार्यक्षम नसते, त्यामुळे त्याच्या मेंदूची वाढ मातेच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. तैवानमध्ये ७६ गर्भिणींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मूत्रातील एका फ्थॅलेटचे अंश जितके अधिक, तितके रक्तातील थायरॉक्सिन कमी असा संबंध दिसला. कॅलिफोर्नियातील शेतमजूर कुटुंबांतील गर्भिणींमध्ये बिस्फेनॉलबाबत असाच संबंध २०१३ मध्ये नोंदवला गेला. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतील १६ अभ्यासगटांतील ६,०४५ गर्भिणींची माहिती एकत्र करून पाहिली असता, काही फ्थॅलेटचे प्रमाण अधिक असलेल्या स्त्रियांमध्ये अकाल प्रसूतीची शक्यता वाढलेली आढळली. हे सारे संबंध निरीक्षणातून आलेले आहेत, कार्यकारणभाव त्यांनी सिद्ध होत नाही. एखादी गर्भिणी क्लान्त, मंदाग्नी, शीतद्वेषी आहे म्हणून तिला प्लास्टिकची बाधा झाली असे निदान करणे हा उथळपणा ठरेल. तिचा टी.एस.एच. तपासून घेणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य होय.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईच्या परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. गीता वनगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम आपल्या वर्तुळात फारसे पोहोचलेले नाही. त्यांनी गाभण उंदीर-माद्यांना १२ व्या दिवसापासून पिल्ले २१ दिवसांची होईपर्यंत दररोज शरीरभाराच्या प्रतिकिलो १.२ व २.४ मायक्रोग्रॅम इतके अल्प बिस्फेनॉल मुखावाटे दिले. त्या काळी सुरक्षित मानली जाणारी मर्यादा ५० मायक्रोग्रॅम होती. या मात्रेनेही नर-संततीची शुक्राणुसंख्या व गती घटली आणि हा परिणाम तिसऱ्या पिढीपर्यंत दिसत राहिला, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात नमूद आहे. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हे खरेच. परंतु सुरक्षित मर्यादा म्हणून जे आकडे सांगितले जातात ते किती अस्थिर आहेत, हे यावरून ध्यानात यावे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये ४ मायक्रोग्रॅम ठरवलेली मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजारपट खाली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने त्यास असहमती दर्शवून स्वतःची मर्यादा २०० नॅनोग्रॅम सांगितली. दोन जाणत्या संस्थांत हजारपटीचे अंतर असताना, ‘इतके चालते’ असे गर्भिणीला कोणत्या आधारावर सांगावे?

दूषीविष म्हणावे काय?

या विषयावर आपल्याकडे बोलताना दूषीविषाचा उल्लेख हटकून होतो. सुश्रुतांनी कल्पस्थानात वर्णिलेले दूषीविष म्हणजे जे जीर्ण झाले आहे, ज्याचे वीर्य औषधांनी वा अग्नि-वायू-आतपाने मंदावले आहे, जे मारक नाही पण कफाने आवृत होऊन वर्षानुवर्षे शरीरात राहते आणि अनुकूल देश-काल मिळताच धातूंना दूषित करते. अल्पवीर्य, कृत्रिम आणि विलंबाने फळणारे असे हे वर्णन वाचताना आजच्या रसायनांची आठवण होणे स्वाभाविक आहे. चरकांच्या गरविषाशीही साम्य दाखवता येते.

तथापि येथे जरा थांबावे असे मला वाटते. बिस्फेनॉल व फ्थॅलेट शरीरात वर्षानुवर्षे साठून राहत नाहीत. बिस्फेनॉलचा मोठा भाग काही तासांत, तर फ्थॅलेटचा साधारणतः एका दिवसात मूत्रावाटे बाहेर पडतो. मग प्रत्येकाच्या मूत्रात ते सापडते का? कारण दररोज, प्रत्येक जेवणागणिक ते नव्याने आत येत असते. अर्थात ही स्थिती दूषीविषापेक्षा असात्म्य द्रव्याच्या नित्यसेवनाशी अधिक जुळते. हा भेद केवळ पांडित्याचा नाही, चिकित्सा त्यावर ठरते. साठलेल्या विषासाठी शोधन सुचते, नित्यसेवनासाठी निदानपरिवर्जन. आणि गर्भिणीत वमन-विरेचन वर्ज्यच असल्यामुळे हा प्रश्न तिच्यापुरता तर निकालातच निघतो.

निदानपरिवर्जनाने किती लाभ होतो याचे उत्तर २०११ च्या एका छोट्या अभ्यासात मिळते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील पाच कुटुंबांतील २० जणांना तीन दिवस केवळ ताजे, प्लास्टिक वा डबाबंद वेष्टन नसलेले अन्न देण्यात आले. त्यांच्या मूत्रातील बिस्फेनॉल सरासरीने ६६ टक्के घटले आणि डी.ई.एच.पी. या फ्थॅलेटचे अंश निम्म्याहून अधिक खाली आले. जुने वेष्टनयुक्त अन्न पुन्हा सुरू करताच आकडे चढले. शरीराचा स्वतःचा अग्नी हे काम करण्यास समर्थ आहे, त्याच्यावर नवा भार टाकणे तेवढे थांबवावे लागते. म्हणूनच ‘प्लास्टिक डीटॉक्स’ या नावाने कल्प वा संच विकण्याची जी टूम अलीकडे दिसते, तिच्यापासून आपल्या संघटनेच्या सभासदांनी दूर राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून गर्भिणी तर सर्वथा वगळलीच पाहिजे.

आपल्या कल्पांची पात्रे

आता आपल्या घराकडे वळू. प्लास्टिकमधून द्रव्य बाहेर खेचणारी कारणे म्हणजे उष्णता, स्नेह, अम्लता, मद्यांश आणि दीर्घ संपर्क. आपल्या कल्पनांकडे या दृष्टीने पाहिले तर मन अस्वस्थ होते. क्वाथ उष्ण असतो, घृत-तैल हे साक्षात स्नेह, तक्र-कांजी अम्ल, आसवारिष्टांत मद्यांश असतो आणि ती महिनोन्‌महिने बाटलीत राहतात. गर्भिणीची मासानुमासिक परिचर्या तर क्षीर, नवनीत आणि सर्पी यांवरच उभी आहे. चरकांनी चौथ्या महिन्यात क्षीरनवनीत, पाचव्यात क्षीरसर्पी, सहाव्या-सातव्यात मधुरौषधसिद्ध सर्पी आणि नवव्यात तैलाचे अनुवासन व योनिपिचू सांगितले. म्हणजे स्नेहविद्राव्य रसायनांना वाट करून देणारी द्रव्येच आपण तिला नेमाने देतो. पात्र शुद्ध असेल तर ती परिचर्या अमृतासमान आहे, पात्र सदोष असेल तर तीच वाहक ठरते.

पूर्वाचार्यांनी पात्राचा विचार केला नव्हता असे नाही. सुश्रुतांनी अन्नपानविधीत घृत लोहपात्रात, पेया रौप्यपात्रात, फळे व भक्ष्ये पानांवर, अम्ल पदार्थ पाषाणपात्रात, पाणी मातीच्या पात्रात द्यावे असे सांगून रागषाडवांसाठी काच व स्फटिकाची पात्रे योजली आहेत. त्यातील आम्लासाठी दगडी भांडे ही सूचना विशेष मार्मिक आहे. द्रव्य आणि पात्र यांचा परस्परांवर संस्कार होतो ही जाण त्यामागे उघड दिसते. त्यांना प्लास्टिक ठाऊक होते असा दावा मात्र आपण करू नये, त्याने आपलेच हसे होते.

औषधनिर्मात्यांमध्ये एक गल्लत सर्रास आढळते. पेट बाटलीच्या लांबलचक नावात टेरेफ्थॅलेट हा शब्द येतो म्हणून तीत फ्थॅलेट असणार असे समजले जाते. तसे नाही. मऊपणासाठी वापरले जाणारे फ्थॅलेट निराळे आणि ते पेट बनवताना लागत नाहीत. पेटमधील चिंतेचा विषय म्हणजे निर्मितीत उत्प्रेरक म्हणून वापरलेले अँटिमनी. ते उष्णतेने व काळाने अधिक प्रमाणात उतरते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २९ सप्टेंबर २०१४ रोजी एक प्रारूप अधिसूचना काढली होती. बालके, वृद्ध, गर्भिणी आणि प्रजननक्षम वयातील स्त्रिया यांच्यासाठीची द्रव औषधे पेट वा प्लास्टिकच्या बाटलीत भरण्यास तीत मनाई सुचवलेली होती. उद्योगांनी आक्षेप घेतला, डॉ. म. कि. भान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २०१६ मध्ये तिने हानीचा निर्णायक पुरावा नसल्याचे मत दिले. प्रारूपाचा नियम झाला नाही. कायद्याने आपण मोकळे आहोत, पण त्या प्रारूपात गर्भिणीचा वेगळा उल्लेख करावासा वाटला ही गोष्ट निर्मात्याने विसरू नये. निदान फलघृत, गर्भिणीसाठीची तैले आणि सूतिकेला दिले जाणारे दशमूलारिष्ट यांपुरता तरी काचेचा आग्रह धरणे शक्य आहे. वजन वाढते, फुटतूट होते, वाहतूकदार कुरकुर करतो, हे सारे मान्य. किंमत थोडी वाढते, तीही ग्राहकास समजावून सांगता येते.

काचेची बरणी घेतली म्हणजे काम संपले असेही नव्हे. धातूच्या फिरकीच्या झाकणाच्या आत जी मऊ कडी असते ती बहुधा पी.व्ही.सी.ची असते आणि तिच्यात मृदुकारक द्रव्य असते. घृत-तैल त्या कडीला लागून राहिले तर काचेचा उपयोग काय? पुरवठादाराला कडीचे द्रव्य विचारावे आणि बरण्या उभ्याच ठेवाव्यात. माझ्याकडे एकदा फलघृताच्या मागवलेल्या बरण्या आडव्या रचून आल्या होत्या, झाकणे तुपाने न्हालेली. त्या पेटीपासून हा प्रश्न माझ्या ध्यानात आला.

गोळ्यांच्या लेपाकडे फारसे कोणी पाहत नाही. आधुनिक औषधांतील आंत्रविलेय लेपांत मृदुकारक म्हणून डाय-ब्युटिल फ्थॅलेट वापरले जात असे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते व डी.ई.एच.पी. टाळावे अशी सूचना २०१२ मध्ये केली. आपल्याकडील अनेक निर्माते लेपासाठी तयार मिश्रण विकत घेतात आणि त्यात काय आहे हे विचारत नाहीत. ट्रायॲसिटिन किंवा पॉलिइथिलिन ग्लायकॉल हे पर्याय उपलब्ध आहेत. सुगंधी तैलांबाबतही तेच. अत्तर व अगरबत्तीच्या धंद्यात डाय-इथिल फ्थॅलेट हे स्वस्त द्रावक म्हणून वापरतात. गर्भिणीच्या अभ्यंगतैलात बाहेरचा सुगंध घालण्याचे प्रयोजनच काय, हे मला अद्याप कळलेले नाही.

बस्तीचा मुद्दा अधिक विस्ताराने मांडतो, कारण तेथे आपण प्रत्यक्ष कर्ते असतो. नवव्या महिन्यातील मात्राबस्तीसाठी बहुतेक ठिकाणी डिस्पोजेबल सिरिंज व नळी वापरतात. सिरिंजचे नळकांडे पॉलिप्रोपिलिनचे असते, त्यात मृदुकारक नसते. नळी जर पारदर्शक व लवचिक असेल तर ती पी.व्ही.सी.ची असण्याचा संभव मोठा आणि मृदुकारक बहुधा डी.ई.एच.पी. असतो. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषध पी.व्ही.सी.च्या संचातून देत नाहीत, कारण त्यातील द्रावक डी.ई.एच.पी. ओढून घेते. तो द्रावक एरंडतैलापासूनच बनवलेला असतो. मग कोमट स्नेह पी.व्ही.सी.च्या नळीतून देताना आपण निर्धास्त का असावे? संपर्क काही क्षणांचाच असतो, त्यामुळे प्रमाण अल्पच राहील हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये डी.ई.एच.पी.युक्त साधने टाळण्यासाठी ज्यांची नावे घेतली त्यांत पुत्रगर्भ धारण केलेल्या गर्भिणींचा समावेश होता. सिलिकोनची नळी निर्जंतुक करून पुन्हा वापरता येते आणि तिला फ्थॅलेट लागत नाही. स्नेह स्टीलच्या वाटीत कोमट करावा, सिरिंजमध्ये भरून ती गरम पाण्यात बुडवून ठेवू नये. शिरोधारेसाठी किंवा अन्य कर्मांसाठी सलाईनच्या संचाची नळी कापून वापरण्याची युक्ती काही ठिकाणी रूढ आहे, ती गर्भिणीपुरती तरी बंद व्हावी.

सूक्ष्म प्लास्टिककणांचा विषय निराळा आहे, त्यावर थोडक्यात लिहितो. इटलीतील संशोधकांनी तपासलेल्या सहा अपरांपैकी चारांत असे कण २०२१ मध्ये सापडले, आणि पुढील वर्षी ३४ मातांपैकी २६ जणींच्या स्तन्यातही. त्यांचा गर्भावर परिणाम काय हे अद्याप ठरायचे आहे. आपल्या हाती असलेली माहिती आयआयटी खरगपूरची आहे. कागदी कपात १०० मिलि उष्ण द्रव १५ मिनिटे ठेवला असता सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात असे तेथील संशोधकांनी दाखवले. चिकित्सालयात रुग्णाला कोमट पाणी वा क्वाथ कागदी कपात देण्याची पद्धत स्वच्छतेच्या नावाखाली आली, पण स्टीलचा पेला उकळत्या पाण्याने धुता येतोच.

औषधविक्रेत्यांसाठी एक गोष्ट खास सांगण्याजोगी. संगणकाच्या बिलाचा गुळगुळीत कागद उष्णतेने छापला जातो आणि त्यावर बिस्फेनॉलचा थर असतो. युरोपात त्यावर जानेवारी २०२० पासून निर्बंध आहेत. दिवसभर शेकडो बिले हाताळणारी, त्यात मधूनमधून हातांना सॅनिटायझर लावणारी मुलगी गर्भिणी असेल तर तिच्या त्वचेतून ते द्रव्य अधिक प्रमाणात शोषले जाते. तिला बिलाच्या जागेवरून औषधे काढून देण्याच्या कामावर बदलणे मालकास सहज जमते. ‘बीपीए-मुक्त’ असा शिक्का असलेल्या मालाबद्दलही सावध असावे. त्या जागी अनेकदा बिस्फेनॉल-एस येते आणि त्याचे इस्ट्रोजेनसदृश कार्य फारसे वेगळे नसल्याचे आढळले आहे. भारतीय मानक संस्थेच्या दूधबाटलीच्या २०१५ च्या मानकाने बाळांच्या बाटल्यांतून पॉलिकार्बोनेट हद्दपार केले, युरोपीय संघाने अन्नसंपर्कातील बहुतेक वस्तूंमधून बिस्फेनॉल-ए हटवण्याचा नियम २०२४ च्या अखेरीस संमत केला. आपल्याकडे बाळाची बाटली सुटली, बाळाला पोटात वाढवणारी आई मात्र पाण्याच्या वीस लिटरच्या जारवर अवलंबून आहे, आणि तो जार अनेकदा पॉलिकार्बोनेटचाच असतो, तोही उन्हात उभ्या टेंपोतून आलेला.

नृसिंहवाडीत हा प्रश्न नदीशी येऊन मिळतो. कोल्हापूर व इचलकरंजी ओलांडून आलेली पंचगंगा येथे कृष्णेस मिळते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पाणी ओसरले तेव्हा काठच्या झाडांच्या फांद्यांवर पिशव्या लोंबत होत्या, कित्येक जागी माणसाच्या डोक्यापेक्षाही उंच. राज्याने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकल-वापराच्या अनेक वस्तू बंद केल्या. तरी चहाची पिशवी काही सुटलेली नाही.

आमच्या चिकित्सालयातही पुष्कळ वर्षे ताजा क्वाथ पिशवीत बांधून दिला जात असे, कारण लांबच्या खेड्यातून येणारी स्त्री भांडे आणत नसे आणि आम्ही ते मागतही नव्हतो. आता गर्भिणीच्या पहिल्याच भेटीत तिच्या चिठ्ठीवर औषधांच्या आधी ‘झाकणाचा स्टीलचा डबा आणणे’ असे लिहितो. ज्या विसरतात त्यांच्यासाठी फडताळात आठ-दहा डबे ठेवले आहेत, त्यांवर क्रमांक घातले आहेत. क्वाथ गाळून, निवल्यावर भरून देतो. डबे नेहमीच परत येतात असे नाही. गेल्या वर्षी चार परत आले नाहीत, ते नवे घ्यावे लागले.